सत्तावन्न पक्ष आणि एक घडी

आठ दिवसांसाठी आलेला माणूस दोन वर्षं राहिला, तर त्याला पाहुणा म्हणावं की घरचा, याचा निवाडा कुठल्याच ग्रंथात सापडत नाही. पुस्तकबांधणीच्या कारखान्याच्या मालकीणबाईंच्या हाताखालून तर हजारो ग्रंथ गेले होते. घडी घालून, शिवून, खळ लावून, दाबाखाली ठेवून त्यांनी ते गिऱ्हाइकांच्या हवाली केले होते, आणि जाता जाता थोडेफार वाचलेही होते. एकातही उत्तर नव्हतं.

आलेला माणूस म्हणजे बाईंचे थोरले बंधू. जन्मभर वजनमापांच्या खात्यात होते, दुकानादुकानातले तराजू तपासत हिंडले, आणि निवृत्त झाल्यावर एक ट्रंक, एक वळकटी आणि एक लाकडी हातोडा घेऊन बहिणीच्या दारात उभे राहिले. हातोडा म्हणजे सभेत टेबलावर आपटतात तो. घरात त्यांना सगळे 'अध्यक्ष' म्हणत, कारण सहा वर्षांचे असल्यापासून जेवायला बसलं की चमचा आपटून आधी कोणी बोलायचं आणि मग कोणी, हे तेच ठरवत. बाकीची मुलं तेवढ्या वेळात जेवून उठत.

बाईंचा जीव होता भावावर. अडचण फक्त खोलीची होती. अध्यक्षांनी आल्या आल्या जी खोली पसंत केली ती उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीची, म्हणजे घडीकामाची खोली. घडीच्या कामाला उजेड असा लागतो की हाताची सावली हातावर पडता कामा नये, आणि तसा उजेड साऱ्या घरात त्या एकाच खोलीत होता. तिथे आता अध्यक्षांची खाट आली. घडीचं लांब टेबल आणि त्यावर काम करणाऱ्या चौघी जणी बोळात गेल्या. बोळ इतका अरुंद की कुणाला मागच्या अंगणात जायचं झालं तर चौघींनी टेबल एका बाजूने उचलून धरायचं आणि जाणाऱ्याने वाकून खालून जायचं. चौघींतली सगळ्यात वयस्कर बाई म्हणे की आपल्या गुडघ्यांनी या दोन वर्षांत जेवढे नमस्कार घातले तेवढे आयुष्यात देवालाही घातले नव्हते.

बाईंनी भावाला सांगून पाहिलं नाही असं नाही. सतरा वेळा सांगितलं. दर वेळी अध्यक्ष डोळे मिटून शांतपणे ऐकत आणि म्हणत, मुद्दा नोंदवून घेतला. कुठे नोंदवला ते कुणालाच कळत नसे. शेवटी बाईंनी वरच्याच्या दरबारात गाऱ्हाणं घातलं. रोज सकाळी कामाला बसताना त्या हात जोडून म्हणत, "देवा, माझ्या भावाला उदंड आयुष्य दे. फक्त दुसऱ्या खोलीत दे."

देव भोळ्या माणसाचं ऐकतो, पण आपल्या पद्धतीने ऐकतो. त्याची पद्धत कळायला जरा वेळ लागतो, आणि कधी कधी ती कळल्यावर माणूस कपाळाला हात लावून बसतो. आता इकडे काय घडलं ते पाहा.

त्या साली देशात प्रथमच वरिष्ठ सभागृहाच्या जागा लोकांच्या मतांनी भरायचं ठरलं. तोवर तिथे थकलेले न्यायाधीश आणि पेन्शनीत गेलेले सेनापती नेमले जात आणि झोपेला कुणी हरकत घेत नसे. आता जिल्ह्याला तीन अशा बारा जागा आणि मुदत सहा वर्षांची. कायदा करणाऱ्यांनी नियम ठेवला की कोणत्याही दोन माणसांनी सही केली की पक्ष झाला. त्यांना वाटलं होतं, चार-पाच पक्ष होतील. झाले सत्तावन्न.

त्यांत 'जुने' आणि 'नवे' असे दोन मोठे पक्ष होते, आणि नवे हे जुन्यांच्या आधी स्थापन झालेले होते. एक पक्ष असा होता की त्याने निवडणुकीआधीच जाहीर केलं, आम्ही काहीही झालं तरी विरोधातच बसणार, कृपया आम्हाला बहुमत देऊ नका. देशातली सगळी घड्याळं अर्धा तास मागे घ्यावीत म्हणणारा एक पक्ष होता, आणि अर्धा तास पुढे न्यावीत म्हणणारा दुसरा. हे दोन्ही पक्ष दोन सख्ख्या साडूंनी काढले होते आणि त्यांचं भांडण मुळात सासरच्या एका जेवणाला कोण उशिरा आलं यावरून होतं.

आणि एक होता बाक पक्ष. प्रत्येक रस्त्यावर शंभर पावलांवर एक बाक, एवढीच त्याची मागणी. उमेदवार क्रमांक एक, अध्यक्ष. तराजू तपासत पस्तीस वर्षं पायी हिंडलेल्या माणसाची ती मागणी मनापासून होती, हे मान्य करायलाच हवं. उमेदवार क्रमांक दोन, बाईंचे यजमान. हे गृहस्थ कारखान्यात खळ शिजवत आणि दिवसाला साधारण सोळा शब्द बोलत. भाषण करावं लागणार नाही या अटीवर त्यांनी सही केली.

बाईंना जेव्हा कळलं की निवडून आलेल्या सभासदाला राजधानीत सरकारी बिऱ्हाड मिळतं, आणि राजधानी रेल्वेने दोन दिवसांवर आहे, तेव्हा त्यांनी हातातलं काम टाकून देवापुढे दिवा लावला. त्या दिवसापासून बाक पक्षाचा सगळ्यात कडवा कार्यकर्ता म्हणजे बाई. पक्षाची पत्रकं त्यांनी स्वतःच्या खळीने स्वतःच्या हाताने डकवली, आणि ती अशी डकवली की पुढे कित्येक वर्षांनी काही भिंती पाडाव्या लागल्या तरी पत्रकं निघाली नाहीत.

सत्तावन्न पक्ष म्हणजे सत्तावन्न रकाने. मतपत्रिका अडीच हात रुंद झाली. कुठला रकाना कुणाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. बाक पक्षाला एकोणतिसावा मिळाला आणि त्याच्या दोन अंगांना दोघे साडू आले. छापून झाल्यावर सरकारी छापखान्याच्या लक्षात आलं की एवढा कागद घडी घालणाऱ्या यंत्रात जातच नाही. मतपेटीची फट वीतभर. तेव्हा हाताने घड्या घालायचं काम शहरात ज्यांच्या घडीला तोड नाही त्यांच्याकडे आलं. दोन गाड्या भरून कोऱ्या मतपत्रिका आणि त्यांच्यावर पहारा करायला एक शिपाई, असा सगळा सरंजाम बाईंच्या बोळात येऊन बसला. शिपाई टेबलाखालीच बसला, कारण वर जागा नव्हती.

बाईंनी पहिला कागद उलगडला. यजमानांनी एक टोक धरलं, दुसरं टोक स्वयंपाकघरात गेलं. बाईंनी कडेला कड भिडवली, छपाई आत ठेवली, देवाचं नाव घेतलं आणि हाडाची पट्टी घडीवरून फिरवली. मग कागद उघडून पाहिला आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

सत्तावन्नाचा मध्य एकोणतीस. पहिली घडी, म्हणजे सगळ्यात खोल आणि सगळ्यात कडक घडी, नेमकी अध्यक्षांच्या नावावरून आणि त्यांच्या खुणेच्या चौकोनातून आरपार गेली होती. कागद हलका होता, घडीत तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा झाला होता. आणि निवडणूक अधिकाऱ्यांचा नियम स्पष्ट होता, की चौकोनात फाटलेलं किंवा अस्पष्ट मत बाद. म्हणजे मतदाराने पेन्सिल टेकवायचा अवकाश, अध्यक्षांचं मत गेलं. आणि मतं गेली की अध्यक्ष राहिले.

अध्यक्ष मागेच उभे होते. त्यांनी चष्मा लावून घडी पाहिली, बोटाने चाचपली.

"चिमे, अर्धं बोट सरकव." बाई चोपन्न वर्षांच्या होत्या, पण भावाच्या लेखी अजून चिमीच.

बाईंनी दुसरा कागद घेतला. अर्धं बोट म्हणजे काय मोठंसं? घडी धाकट्या साडूच्या रकान्यात गेली असती, आणि त्याचं घड्याळ पुढे गेलं काय नि मागे राहिलं काय, आपल्याला काय करायचंय. खोली परत मिळाली असती. उजेड परत मिळाला असता. बाईंनी कड अर्धं बोट मागे घेतली आणि पट्टी उचलली. पण सव्वीस वर्षं ज्या हाताने कडेला कड भिडवण्याखेरीज दुसरी पूजा केली नव्हती, तो हात पट्टी खाली नेईना. देवाने प्रत्येक कागदाला एकच मध्य दिलाय, तो कुणाच्या सोयीने कसा हलवायचा? त्यांनी पट्टी खाली ठेवली.

"दादा, तू जावंस म्हणून मी रोज देवाला साकडं घालते," बाई म्हणाल्या. "तरी घडी मधेच पडेल."

अध्यक्षांनी चष्मा काढला.

"रोज?"

"रोज. सकाळी."

"मुद्दा नोंदवून घेतला," अध्यक्ष म्हणाले, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. ते खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. टेबलाच्या कडेला ते दार दोन वर्षं रोज आपटत असे, त्या दिवशी मात्र आवाज न करता लागलं.

टेबलाखालच्या शिपायाने हे सगळं ऐकलं आणि जेवणाच्या सुट्टीत शहरभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निवडणूक अधिकारी आले आणि त्यांच्या मागून छप्पन्न पक्षांचे छप्पन्न प्रतिनिधी. बोळात मावेनात, म्हणून काही जिन्यावर, काही दाबयंत्रावर, आणि विरोधातच बसणाऱ्या पक्षाचा प्रतिनिधी सगळ्यांच्या समोर तोंड करून उलटा बसला. अध्यक्षही खोलीतून आले.

घडी आपल्या रकान्यात नको, यावर सगळ्यांचं एकमत होतं. कुठे असावी यावर नव्हतं. जुन्यांचं म्हणणं, घडी नव्यांत घाला. नव्यांचं म्हणणं, जुन्यांना सुरकुत्यांची सवय आहे. कुणी म्हणालं, गुंडाळी करा. अधिकाऱ्यांनी मतपेटीची फट दाखवली. कुणी म्हणालं, चुरगळूनच द्या म्हणजे सर्वांना समान न्याय मिळेल, आणि ही सूचना बराच वेळ गंभीरपणे चर्चेत राहिली. दोघे साडू, ज्यांनी चार वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, ते अध्यक्षांच्या दोन बाजूंना उभे राहून एका सुरात सांगत होते की घडी आहे तिथे फार शोभून दिसते.

दुपार झाली तेव्हा अधिकाऱ्यांनी घाम पुसत बाईंना विचारलं, की कुणीच काही सांगितलं नाही तर कागद स्वतःहून कुठे दुमडेल. बाई म्हणाल्या, मधोमध. मग मधोमधच, अधिकारी म्हणाले. मधल्या जागेबद्दल निदान मला कुणी जबाबदार धरणार नाही. मत घेतलं. छप्पन्न विरुद्ध एक. बाक पक्षाचा हा पहिलाच निकाल.

नऊ दिवस घड्या चालल्या. बाई एक ओळ म्हणत, चौघी पुढची ओळ उचलत, आणि समेवर पाच पट्ट्या एकदम फिरत. अर्धी, पाव, अर्धपाव, मग एक आडवी. चाळीस हजार कागद आणि एकाचीही कड इकडची तिकडे नाही. बाई मात्र त्या दिवसांत खाली मान घालून गात होत्या. अध्यक्ष जेवायला येत, चमचा न आपटता जेवत आणि उठून जात. त्यामुळे सगळे एकाच वेळी बोलू लागले आणि कुणाचं कुणाला कळेना. बाईंना ती शांतता बोचत होती. गोंगाटातलीच ती शांतता, पण बोचत होती.

मतदान झालं. मोजणी दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी अधिकारी स्वतः निकालाचा कागद घेऊन बाईंच्या दारात आले, कारण निकालावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. जिल्ह्यातली सर्वाधिक मतं बाक पक्षाला. त्याखालोखाल घड्याळं मागे, आणि त्याखालोखाल घड्याळं पुढे. जुने आणि नवे कडेच्या रकान्यांत होते, दोघांचीही धूळधाण. बाद मतं ढीगभर, पण तीही कडेच्याच रकान्यांतली, एकेक अशी की पेन्सिल कागदातून आरपार.

कुणाला काही उलगडा होईना. तेव्हा यजमान खळीची पळी हातात घेऊन दारात आले आणि त्या दिवसाचे सगळे शब्द त्यांनी एकदम खर्च केले.

"मतदानाची फळी हातभर. पत्रिका अडीच हात. दोन्ही पंख वर उभे राहतात. फळीला टेकते फक्त मधली घडी."

एवढं बोलून ते खळ लागेल म्हणून परत गेले. पण अधिकाऱ्यांना कळलं. मतदाराने पत्रिका उघडली की तिच्या दोन्ही बाजू पुस्तकासारख्या उभ्या राहत. फळीचा आधार फक्त मधल्या घडीला. दुसरीकडे कुठे पेन्सिल टेकवली की कागद अधांतरी, म्हणजे भोकच पडायचं. त्यात पेन्सिल चोरीला जाऊ नये म्हणून अधिकाऱ्यांनीच ती फळीच्या मधोमध वीतभर दोरीने बांधलेली. आणि घडीतला तो कांद्याचा पापुद्रा फाटला का नाही? तर खाली लाकूड होतं. ज्या घडीला सत्तावन्न पक्ष भीत होते, तिनेच एकाला आणि त्याच्या दोन शेजाऱ्यांना तारलं. अधिकारी तिथून तडक मतदानकेंद्रावर गेले आणि ती दोरी कापून त्यांनी खिशात घातली.

अध्यक्ष राजधानीला निघाले. स्टेशनावर बाई रडल्या, आणि मनापासून रडल्या. पण घरी येताच डोळे पुसून त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर टेबलाचं एक टोक उचललं. चौघी जणींनी गात गात ते खिडकीखाली नेलं. वयस्कर बाई बोळातून ताठ मानेने तीनदा उगाचच अंगणात जाऊन आली.

हे सुख अठरा दिवस टिकलं.

एकोणिसाव्या दिवशी दारात ट्रंक, वळकटी, हातोडा, अध्यक्ष आणि एक सरकारी कारकून. कुणीच कधी विचारलं नव्हतं, आणि म्हणून कुणी सांगितलंही नव्हतं, की वरिष्ठ सभागृह वर्षातून चौदाच दिवस भरतं. त्या चौदा दिवसांत एका साडूने घड्याळं अर्धा तास मागे घेतली होती, दुसऱ्याने पुढे नेली होती, आणि सभागृह थकून उठलं होतं. उरलेले दिवस सभासदाने आपल्या जिल्ह्यात राहावं आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकावीत, असा कायदा होता. खाट खिडकीखाली परत आली. तिच्याशेजारी कारकुनाचं टेबल आलं. बोळात गाऱ्हाणी घेऊन आलेल्यांची रांग लागली, आणि घडीचं टेबल जिन्याच्या वळणावर गेलं, तिथे ते सपाट राहीना. चौघी उतारावर घड्या घालू लागल्या.

बाईंनी त्या दिवशी देवापुढे बसून फार काही मागितलं नाही. म्हणाल्या, तुझी करणी अगाध आहे, पण एवढी अगाध नको होती.

मग मात्र त्या उठल्या, पदर खोचला आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. क्रमांक चौदावा. कारकुनाने सांगितलं, अर्ज लेखी हवा. बाईंनी लेखी लिहिला. नंबर आल्यावर आत गेल्या आणि अर्ज टेबलावर ठेवला. अध्यक्षांनी तो असा वाचला, जणू अर्जदाराला आयुष्यात कधी पाहिलेलं नाही.

"अर्जदाराच्या कामाची खोली किती दिवस अडवली गेली आहे?"

"दोन वर्षं, चार महिने. मधले अठरा दिवस सोडून."

"आणि तोंडी तक्रार केली होती?"

"सतरा वेळा."

"लेखी?"

"लेखी नाही, साहेब. घरात कोण लेखी देतं?"

अध्यक्षांनी कारकुनाकडे अशा नजरेने पाहिलं, की बघा, आपल्या देशाचं घोडं इथेच अडतं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकही लेखी अर्ज त्यांनी दुसऱ्या दिवसावर टाकला नव्हता. त्यांनी विचारलं, हा अन्याय करणारी व्यक्ती कोण. बाई म्हणाल्या, आपणच. अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. संबंधित व्यक्तीचं काही म्हणणं आहे काय, असं त्यांनी मोठ्याने विचारलं, क्षणभर वाट पाहिली, आणि संबंधित व्यक्ती निरुत्तर आहे अशी नोंद केली. मग हातोडा आपटला. आज सूर्यास्ताच्या आत खोली रिकामी करावी, हुकुमावरून.

खाट त्यांनी स्वतःच उचलली. खाट आणि कचेरी दोन्ही मागे खळीच्या खोलीत गेल्या, भट्टीशेजारी. तिथे यजमान न बोलता ढवळत बसत आणि वास असा असे की गाऱ्हाणी आपोआप थोडक्यात आटपत. जिल्ह्याचा कारभार इतका झटपट पूर्वी कधी झाला नव्हता, असं लोक सांगत.

त्या संध्याकाळी बाई खिडकीखाली शेवटचे कागद जुळवत होत्या. अध्यक्ष दाराशी येऊन उंबऱ्याबाहेरच थांबले. कारकून घरी गेला होता.

"चिमे, ते खोलीचं झालं," ते म्हणाले. "पण ते दुसरं. मी जावं म्हणून रोज साकडं घालत होतीस, ते अजून चालू आहे का?"

बाईंनी मान वर केली. भावाच्या शर्टाच्या बाहीला खळ लागली होती आणि ती वाळून कडक झाली होती.

"राहायचंय तुला इथे?"

"म्हणजे, जर कुणाची हरकत नसेल तर."

"लेखी दे," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांचा चेहरा उजळला. ते लगबगीने कागद आणायला गेले. बाईंनी टेबलाच्या टोकाला त्यांच्यासाठी एक स्टूल सरकवलं, उजेड पडेल असं, आणि पट्टी उचलून पुढच्या कागदाची कड कडेला भिडवली.